दिवाणखान्यात जन्मलेला वाद्यवृंद : व्हिएन्नाच्या ‘कॉन्सेंटस म्युझिकस’ची वाटचाल

1953 साली व्हिएन्ना शहर चार देशांच्या ताब्यात होतं. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ यांनी ते आपसांत वाटून घेतलं होतं. 1945च्या मार्चमध्ये बॉम्बहल्ल्यात जळालेल्या ऑपेरा हाउसची उभारणी अजून चालू होती. अशा शहरात त्या वर्षी एका तरुण जोडप्याचं लग्न झालं. निकोलाउस हार्नोनकोर हे ‘व्हिएन्ना सिंफनी’ या वाद्यवृंदात वर्षभरापूर्वी चेलोवादक म्हणून नोकरीला लागले होते. अ‍ॅलिस होफेलनर या व्हायोलिन वाजवत. त्याच वर्षी दोघांनी ‘कॉन्सेंटस म्युझिकस’ स्थापन केला. स्थापन केला म्हणजे सिंफनीतल्या आणि संगीत अकादमीतल्या काही मित्रांना जुनी वाद्यं घेऊन घरी बोलावलं. स्वतःचं सभागृह नव्हतं आणि कार्यक्रमाची तारीखही ठरलेली नव्हती. ती तारीख उगवायला पुढे चार वर्षं लागली.

या चार वर्षांत काय घडलं हे नीट पाहिल्याशिवाय संस्थेचा पुढचा सत्तर वर्षांचा पसारा उलगडत नाही. म्हणून त्या काळावर जरा जास्त रेंगाळतो.

युरोपात ‘जुनं संगीत’ म्हटलं की साधारणपणे 1750पूर्वीचं, म्हणजे बाखच्या मृत्यूपर्यंतचं संगीत समजतात. ते संगीत कागदावर सुखरूप होतं. ग्रंथालयांत हस्तलिखितं होती, बाखच्या समग्र कृतींची छापील आवृत्ती तर एकोणिसाव्या शतकातच पुरी झाली होती. हरवली होती ती वाजवण्याची रीत. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकातली बंदिश स्वरलिपीसकट समोर असली, तरी कुठे थांबायचं, कोणता स्वर आंदोलित ठेवायचा, कोणत्या अक्षरावर वजन द्यायचं हे गुरूच्या गळ्यातूनच घ्यावं लागतं. तो गळाच दोनशे वर्षांपूर्वी गेला असेल तर? युरोपात तेच झालं होतं. मधल्या काळात सभागृहं मोठी झाली, वाद्यवृंद फुगले, वाद्यं बदलली. नव्या पद्धतीने वाजवणारे लोक जुनी पानं वाचत होते आणि तेच बाख आहे असं सगळे धरून चालले होते.

या समजुतीला धक्का देणारे हार्नोनकोर पहिले नव्हेत. इंग्लंडमध्ये आर्नोल्ड डोल्मेच यांनी जुनी वाद्यं बनवून 1925पासून हॅझलमिअरला उत्सव भरवला होता. 1933 साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला पाउल झाखर यांनी या विषयाची स्वतंत्र शाळाच काढली. व्हिएन्नाच्या संगीत अकादमीत योझेफ मेर्टिन नावाचे शिक्षक होते. जुन्या संगीताविषयीच्या त्यांच्या वर्गातून कितीतरी मुलं या वाटेला लागली. त्या मुलांपैकी चौघांनी, निकोलाउस, अ‍ॅलिस, एडुआर्ड मेल्कुस आणि आल्फ्रेड आल्टेनबुर्गर यांनी 1949 साली गाम्बांचा एक चौकडा जमवला. गाम्बा हे पायांत धरून गजाने वाजवायचं वाद्य. त्याला सतारीसारखे पडदे असतात आणि आवाज व्हायोलिनच्या मानाने मऊ, नाकातला. 1950 हे बाखच्या द्विशताब्दीचं वर्ष होतं. या चौघांनी बाखची ‘आर्ट ऑफ फ्यूग’ ही रचना गाम्बांवर सादर केली. कोणत्या वाद्यांवर वाजवायची हे बाखने त्या रचनेत लिहूनच ठेवलेलं नाही, त्यामुळे या धाडसाला आक्षेप घ्यायला जागा नव्हती.

1954 साल या मंडळींना दोन अर्थांनी फळलं. हॉलंडचे गुस्ताव लेओनहार्ट तेव्हा व्हिएन्नाच्या अकादमीत हार्प्सिकॉर्ड शिकवत होते. इंग्लंडचे आल्फ्रेड डेलर तिथे आले. पुरुषाने स्त्रीच्या पट्टीत गाण्याची जुनी कला जवळजवळ एकट्याने पुन्हा उभी करणारे हे गायक. त्यांच्यासोबत बाखचे दोन कॅन्टाटा, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेसाठीच्या गायन-वादनाच्या रचना, ध्वनिमुद्रित झाले आणि साथीला हार्नोनकोर दांपत्य होतं. त्याच वर्षी जूनमध्ये संगीतकार पाउल हिंडेमिट यांनी व्हिएन्नाच्या कॉन्झर्टहाउसमध्ये मॉन्टेव्हेर्दीचा ‘ऑर्फेओ’ जुन्या वाद्यांवर उभा केला. 1607 सालचा हा ऑपेरा. वादकांत हार्नोनकोर आणि त्यांचे सोबती होते. पुढे आयुष्यभर मॉन्टेव्हेर्दीने त्यांची पाठ सोडली नाही, त्याचं मूळ या संध्याकाळीत आहे.

या चार वर्षांत बाकी सगळी तालीम. सकाळी सिंफनीत आधुनिक चेलो वाजवायचा, रात्री घरी जुना. पगारातला मोठा हिस्सा वाद्यांच्या खरेदीत जाई. युद्धानंतरच्या युरोपात जुनी वाद्यं माळ्यांवर आणि जुन्या बाजारात पडून होती. ती आणायची, एकोणिसाव्या शतकात कुणी तरी ‘सुधारलेली’ मान आणि घोडी काढून मूळच्या मापाची बसवायची, पोलादी तारा उतरवून आतड्याच्या तारा चढवायच्या. गज वेगळा, बाहेरच्या अंगाला किंचित वाकलेला, टोकाकडे हलका. त्या गजाने एका दमात लांब, एकसारखा स्वर ओढताच येत नाही. स्वर उमटतो, फुलतो आणि विरतो. असा गज हातात घेतला की वाक्यं आपोआप तुटक आणि बोलकी होतात. सततचा कंप सोडावा लागतो. तो जुन्या काळी अलंकारासारखा, क्वचित लावायचा असे. संशोधनाचा निष्कर्ष आधी आणि वादन नंतर, असं इथे झालेलं दिसत नाही. बऱ्याच गोष्टी वाद्यानेच वादकाला शिकवल्या.

फुंकवाद्यांची गोष्ट याहून अवघड. जुन्या तुतारीला पडदे-चाव्या काही नसतात. नुसत्या ओठांच्या जोरावर स्वर काढायचे आणि बाखने तर तिला चिमण्यांसारखं वरच्या सप्तकात खेळवलं आहे. लाकडी बासरीला एकच चावी, ओबोला दोन-तीन. सिंफनीत ओबोचे मुख्य वादक असलेले युर्ग शेफ्टलाइन यांनी जुना ओबो जवळ केला. लेओपोल्ड श्टास्ट्नी बासरीकडे वळले, ऑटो फ्लाइशमान बासूनकडे आणि एडुआर्ड ह्रुझा व्हिओलोने या खर्जातल्या तंतुवाद्याकडे. ऑर्गन आणि हार्प्सिकॉर्डवर हर्बर्ट टाखेझी आले ते कायमचे. हे सगळे पोटापाण्यासाठी आधुनिक वाद्यं वाजवणारे पक्के व्यावसायिक होते. जुन्या वाद्यावर नव्याने बाळबोध धडे गिरवायला, आणि तेही वर्षानुवर्षं श्रोत्यांविना, किती कलावंत तयार होतील? माझ्या मते या संस्थेची खरी पुंजी त्या वाद्यांपेक्षा या माणसांचा सोशिकपणा ही होती.

1957 साली व्हिएन्नाच्या श्वार्झेनबेर्ग राजवाड्यात पहिला जाहीर कार्यक्रम झाला. जागेची निवड चोख होती. आतड्याच्या तारांचा आवाज हजार-दोन हजारांच्या सभागृहासाठी नसतोच. तो अशाच दालनांसाठी घडलेला. सुरुवातीच्या कार्यक्रमांत बाखपेक्षा ऑस्ट्रियाच्या दरबारातलं, विस्मरणात गेलेलं संगीत जास्त होतं. सम्राट माक्सिमिलियानच्या पदरी असलेला हाइनरिष इझाक, स्वतः रचना करणाऱ्या लेओपोल्ड सम्राटाच्या काळचे श्मेल्ट्सर, बीबर, मुफाट आणि फुक्स. यांतल्या बऱ्याच रचना छापलेल्याच नव्हत्या. हस्तलिखितं शोधायची, उतरवून घ्यायची, प्रत्येक वादकाचा कागद हाताने तयार करायचा. या कामात अ‍ॅलिसबाईंचा वाटा फार मोठा होता. पुढे हार्नोनकोर यांचं नाव जगभर झालं आणि लेखांतून ‘हार्नोनकोर यांचा वाद्यवृंद’ असा उल्लेख रूढ झाला. तो अन्यायाचा आहे. 1953पासून 1985पर्यंत पहिल्या व्हायोलिनच्या जागेवरून वृंद सांभाळला तो अ‍ॅलिसबाईंनी. चार मुलं वाढवली, दौरे आखले, ग्रंथालयं पालथी घातली. 1977 साली व्हिवाल्डीच्या ‘चार ऋतू’ची ध्वनिमुद्रिका आली, त्यात मुख्य व्हायोलिन त्यांचंच आहे. ती तबकडी तेव्हा अनेकांना खटकली, कारण तिच्यात वसंतातली पाखरं गोड नाहीत आणि हिवाळा अंगावर येतो. आज इतक्या वर्षांनी ऐकताना नेमकं तेच तिचं बळ वाटतं.

ध्वनिमुद्रणाने संस्थेचं नशीब पालटलं. 1963च्या सुमारास ‘टेलेफुंकन’ या जर्मन कंपनीच्या ‘दास आल्टे वेर्क’ या जुन्या संगीताच्या मालिकेशी, निर्माते वोल्फ एरिक्सन यांच्यामार्फत, संबंध जुळला. 1964 साली बाखच्या सहा ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तोंचं मुद्रण झालं. दुसऱ्या कॉन्चेर्तोमधला तुतारीचा भाग वाल्टर होली यांनी वाजवला. 1965 साली ‘सेंट जॉन पॅशन’, 1968 साली ‘बी मायनर मास’ आणि 1970 साली ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ आलं. बाखची ही मोठी कामं सबंधपणे त्या काळच्या वाद्यांवर मुद्रित होण्याचे हे अगदी पहिले प्रयत्न होते. गायनवृंदातले वरच्या पट्टीचे भाग मुलग्यांनी गायले, कारण बाखच्या चर्चमध्ये स्त्रियांना गायनवृंदात जागा नव्हती.

टीका भरपूर झाली. स्वर ढळतात, ओबो कर्कश आहे, ताल उड्या मारतो, हे विद्वानांचे खेळ आहेत, अशा तक्रारी वृत्तपत्रांतून येत राहिल्या. सगळीच टीका खोटी होती असं मी म्हणणार नाही. सुरुवातीच्या तबकड्यांत काही ठिकाणी वाद्य वादकाच्या काबूत नाही हे ऐकू येतं. पण ‘हेच अस्सल’ असा दावा हार्नोनकोर यांनी कधी केला नाही, उलट त्या शब्दाचा त्यांना तिटकारा होता. अठराव्या शतकात परत जाता येत नाही आणि जाण्यात अर्थही नाही, असं ते सांगत. जुनी वाद्यं आणि जुने ग्रंथ हे त्यांना रचनेचं बोलणं ऐकण्याचं साधन वाटे. बरॉक, म्हणजे बाखच्या काळचं, संगीत गुळगुळीत स्वरांची माळ नाही, ते ठामपणे बोलतं, भांडतं, विनवतं, मध्येच थबकतं, ही त्यांची मूळ भूमिका. 1982 साली आलेल्या ‘मुझिक आल्स क्लांगरेडे’ या पुस्तकात ती सविस्तर आहे. साल्झबुर्गच्या मोझार्टेउममध्ये 1970च्या दशकापासून ते हाच विषय शिकवत.

1969 साली हार्नोनकोर यांनी सतरा वर्षांची सिंफनीतली नोकरी सोडली. मोझार्टची जी मायनर सिंफनी पुन्हा पुन्हा गोजिरवाणी करून वाजवावी लागते हे असह्य झालं, असं ते पुढे सांगत. कारण काहीही असो, घरात चार मुलं असताना कायमची नोकरी सोडणं हे त्या काळी धाडसच होतं. संस्थेला मात्र पूर्ण वेळ माणूस मिळाला.

मॉन्टेव्हेर्दी आता पुढे आला. ‘ऑर्फेओ’चं मुद्रण 1968चं. 1971 साली व्हिएन्नाच्या उत्सवात थिएटर आन देर वीनच्या रंगमंचावर ‘उलिसेचं स्वगृही परतणं’ झालं. मग ‘पोप्पेआचा राज्याभिषेक’ मुद्रित झाला. मॉन्टेव्हेर्दीच्या या उत्तरकालीन ऑपेरांच्या उपलब्ध प्रतींत बहुतेक ठिकाणी गायनाची ओळ आणि खालचा बास एवढंच आहे. बाकी सगळं वादकांनी भरायचं. आपल्याकडच्या वादकाला यात नवल वाटणार नाही, युरोपातल्या छापील कागदाला बांधलेल्या वादकाला मात्र तो मोठाच धक्का होता.

तरीही या संस्थेचं सर्वांत मोठं काम विचाराल तर ते बाखच्या कॅन्टाटांचं. रविवारच्या प्रार्थनेसाठी लिहिलेल्या अशा दोनशेच्या आसपास रचना आज शिल्लक आहेत. त्या सगळ्या मुद्रित करायचा संकल्प 1971 साली सुरू झाला आणि 1989 साली तडीला गेला. काम दोघांत वाटलं होतं. काही कॅन्टाटा लेओनहार्ट यांनी आपल्या मंडळींसह हॉलंडमध्ये केले, आणि जास्त वाटा व्हिएन्नाकडे आला. कॉन्सेंटसची मुद्रणं डोब्लिंग भागातल्या ‘कासिनो झ्योगेरनित्स’ या जुन्या सभागृहात होत. व्हिएन्नाच्या बालगायकांचा वृंद, ‘कोरुस व्हिएन्नेन्सिस’ हा पुरुषांचा वृंद आणि पुढे बव्हेरियातली ट्योल्त्सची मुलं यांनी गायन केलं. कुर्ट एक्विलुत्स यांचा तरल टेनर आवाज या मालिकेत वर्षानुवर्षं भेटत राहतो. तबकड्यांच्या प्रत्येक पेटीत संपूर्ण स्वरलिपी छापून दिलेली असे, म्हणजे ऐकणाऱ्याने पान उलटत ऐकावं. अशा पंचेचाळीस पेट्या निघाल्या.

ही मालिका एकसारखी उत्तम नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने बाखचं अवघड एकलगायन पेलायचं, कधी जमलं, कधी मुलाचा श्वास संपलेला कळतो. नंतरच्या पिढीने याच रचना अधिक सफाईने गाऊन-वाजवून दाखवल्या आहेत. तरी त्या पिढीला वाट या पेट्यांनीच दाखवली. अठरा वर्षं एका कामाला चिकटून राहणारी माणसं, आणि त्यांना तितकी वर्षं साथ देणारी ध्वनिमुद्रण कंपनी, हा योग तेव्हाही दुर्मीळ होता. मालिका चालू असतानाच 1980 साली हार्नोनकोर आणि लेओनहार्ट यांना एरास्मस पारितोषिक विभागून मिळालं.

मधल्या काळात संस्थेचा आकार बदलला. हार्नोनकोर सुरुवातीची तीन दशकं चेलोमागे बसूनच वृंद चालवत. पुढे ते उठून समोर उभे राहिले, आणि हाती छडी न घेता, डोळे मोठे करून, हातवाऱ्यांनी वादकांना हवं ते सांगू लागले. 1981पासून एरिख होबार्ट यांच्यासारखे पुढच्या पिढीतले व्हायोलिनवादक दाखल झाले होते. रचनांचा काळही पुढे सरकत गेला. हेंडेलनंतर हायडन आणि मोझार्ट. 1985 साली ग्राझमध्ये, हार्नोनकोर यांच्या लहानपणच्या गावी, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून ‘स्टिरिआर्टे’ हा उत्सव सुरू झाला आणि कॉन्सेंटसला दरवर्षीचं दुसरं घर मिळालं. 1972 साली एर्विन ऑर्टनर यांनी स्थापन केलेला ‘आर्नोल्ड श्योनबेर्ग’ गायनवृंद सोबत आला. याच जोडीने नव्याने मुद्रित केलेल्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ला 2002 साली ग्रॅमी मिळालं. बालगायकांच्या जागी आता स्त्रिया होत्या. तीस वर्षांपूर्वी ज्या मुद्द्यावर वाद घातले तो मुद्दा हार्नोनकोर यांनी स्वतःच शांतपणे बाजूला ठेवला. तत्त्वापेक्षा गाणं मोठं मानणाऱ्या माणसाला ते शोभून दिसलं.

कार्यक्रमांचं मुख्य स्थानही राजवाड्यातून आधी कॉन्झर्टहाउसमध्ये आणि नंतर म्युझिकफेराइनमध्ये गेलं. म्युझिकफेराइन म्हणजे व्हिएन्नाच्या परंपरेचं देवघरच. दिवाणखान्यात जमणाऱ्या मंडळींना तिथे स्वतःच्या नावाची वार्षिक मालिका मिळावी, हा त्या शहराने दिलेला कौल होता. 2015च्या मे महिन्यात याच सभागृहात त्यांनी बेटहोवेनच्या चौथ्या आणि पाचव्या सिंफनीचं मुद्रण केलं. जुलैत ग्राझला ‘मिस्सा सोलेम्निस’ झालं.

5 डिसेंबर 2015 रोजी, शहाऐंशीव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, हार्नोनकोर यांनी स्वतःच्या हस्ताक्षरातलं एक पत्र श्रोत्यांना दिलं. शरीर साथ देत नाही म्हणून पुढचे बेत रद्द करतो आहे, एवढाच त्याचा आशय. आणि मंचावरचे आणि समोरचे मिळून आपण शोध घेणारी एक मंडळी झालो, याबद्दल कृतज्ञता. तीन महिन्यांनी, 5 मार्च 2016 रोजी, त्यांचं निधन झालं.

संस्थापक गेला की संस्था मिटते, किंवा फोटोला हार घालत उरते. आपल्याकडे याची उदाहरणं शोधावी लागत नाहीत. कॉन्सेंटसमध्ये तसं झालं नाही, कारण वारसा आधीच वाटला गेला होता. 2004पासून वृंदात हार्प्सिकॉर्ड आणि फोर्टेपियानो वाजवणारे श्टेफान गॉटफ्रीड हे मधल्या वर्षांत हार्नोनकोर यांचे साहाय्यक झाले होते. त्यांनी एरिख होबार्ट आणि आंद्रेआ बिशोफ या दोन व्हायोलिनवादकांच्या साथीने 2016पासून सूत्रं घेतली. म्युझिकफेराइनमधली मालिका चालू राहिली. अ‍ॅलिसबाईंनी हे सगळं पाहिलं. 20 जुलै 2022 रोजी, एक्क्याण्णव वर्षांच्या असताना, त्यांचं निधन झालं.

ज्या वाचकाला या संस्थेची ओळख कानांनी करून घ्यायची असेल, त्याने ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तोंचं 1964चं मुद्रण आणि याच वृंदाने 1980च्या दशकाच्या सुरुवातीला केलेलं दुसरं मुद्रण एकापाठोपाठ ऐकावं. दोन्ही सहज उपलब्ध आहेत. सुरुवात पाचव्यापासून करावी, कारण त्यातला टाखेझी यांच्या हार्प्सिकॉर्डचा लांबलचक एकल भाग ऐकून झाल्यावर बाकीचे पाच आपणहून ऐकले जातात.